चिमीच्या सवयींचा कागद

“चावती म्हनून लिवा,” हौसाबाई म्हणाल्या.

मी लिहून घेतलं. समोर गोधडीवर बसून चौदा महिन्यांची चिमी गळा काढून रडत होती. तिच्या तोंडात वर-खाली मिळून सहा दात दिसत होते, त्यामुळे विधानाला निदान आधार तरी होता.

“कुणाला चावते?”

“दिसंल त्याला.”

“तुम्हाला चावली कधी?”

“मला कशी चावंल? मी सांभाळती न्हवं तिला.”

तेही मी लिहून घेतलं. त्या वेळी मी तेवीस वर्षांचा होतो. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो, दुसऱ्या वर्गात, आणि कोल्हापुरातल्या एका संस्थेत पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून लागून मला चार महिने झाले होते. ही शहाऐंशी सालची गोष्ट. टाकून दिलेली तान्ही बाळं आमच्या संस्थेत येत. शकूताई म्हणजे संस्थेच्या प्रमुख. त्यांचं म्हणणं असं, की चाळीस पाळण्यांच्या हॉलमध्ये मूल जगतं, पण वाढत नाही. म्हणून त्या प्रत्येक बाळ आसपासच्या एखाद्या घरात ठेवायला देत. कोर्टाचे कागद पुरे झाले, दत्तक घेणारं जोडपं मिळालं, की बाळ परत आणायचं आणि त्यांच्या हवाली करायचं. हवाली करण्याआधी ज्या बाईनं ते सांभाळलं तिच्याकडून त्याच्या सवयी लिहून घ्यायच्या, इंग्रजीत टाईप करायच्या आणि तो कागद बाळाबरोबर द्यायचा. ते काम माझं होतं. लहान मुलांबद्दलची माझी माहिती एवढीच होती, की मीही पूर्वी एक होतो.

चिमी अकरा दिवसांची असताना इचलकरंजीला हौसाबाई तारळे यांच्या घरी गेली होती. घर म्हणजे पुढच्या खोलीत चार यंत्रमाग आणि मागच्या खोलीत संसार. नवरा मल्लाप्पा माग चालवायचा, हौसाबाई कांड्या भरायच्या, म्हणजे मागाला लागणारं सूत कांड्यांवर गुंडाळून द्यायच्या. दोन मुलगे होते, दोघांची लग्नं होऊन दोघेही वेगळे झालेले. आणि आता बेल्जियमचं एक जोडपं आठ दिवसांनी चिमीला न्यायला येणार होतं.

मी मुद्दाम बुधवारी गेलो होतो. बुधवारी त्यांच्या गल्लीला विजेची सुट्टी असे. इतर दिवशी त्या घरात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि शांतपणे माहिती घ्यावी असं माझं मत होतं. चिमीमुळे शांतता काही मिळाली नाही.

“ही सारखी अशीच रडते का?”

“न्हाई ओ. माग बंद हाईत म्हनून.”

“म्हणजे?”

“माग चालू आसलं की निजती. करंट गेला की उठती आन् बोंबलती. लिवा की. मागाच्या आवाजाबिगार निजत न्हाई.”

मी पेन थांबवलं. पाच मिनिटं त्या मागांजवळ उभा राहिलो, तर माझ्या कानांना दडे बसत. तिथे तान्हं मूल झोपतं, एवढंच नव्हे तर आवाज थांबला की उठतं, हे मला पटणं शक्य नव्हतं. शिवाय एक गोष्ट मला ठाऊक होती. आदल्याच महिन्यात हौसाबाई शकूताईंकडे येऊन गेल्या होत्या. चिमी मलाच ठेवून घेऊ द्या, असं त्यांनी पदर पसरून सांगितलं होतं. शकूताई नाही म्हणाल्या होत्या. सांभाळणाऱ्या घराला मूल दत्तक द्यायचं नाही, हा संस्थेचा नियम होता. एकदा ते सुरू झालं की कुणीच परत देणार नाही, असं शकूताई म्हणत.

तेव्हा बाई काय करताहेत ते माझ्यासारख्या हुशार माणसाच्या लगेच लक्षात आलं. पोरीबद्दल काहीबाही सांगायचं, म्हणजे साहेब-मडमेचं मन फिरेल.

हौसाबाईंनी माझ्या हातातल्या छापील कागदाकडे बोट केलं. “वर काय लिवलंय?”

“फॉस्टर मदर्स रिपोर्ट.”

“मदर म्हंजे आई. ते कळतंय. आन् पैलं?”

पिशवीत शब्दकोश होता. तो मी सगळीकडे घेऊन जात असे, लोकांना दिसेल असा. आता तो काढून मी मांडीवर ठेवला आणि शहाणपण पाजळायला सुरुवात केली.

“फॉस्टर म्हणजे... पाळणे.”

“पाळत्यात कुत्री-मांजरं.”

“पोसणे.”

“पोसायला ती काय रेडा हाय?”

“संगोपन करणे.”

“त्ये शेळीचं आसतंय,” मागच्या भिंतीला टेकून बसलेला मल्लाप्पा इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलला. “रेडिओवर सांगत्यात संध्याकाळी.”

“जोपासणे,” मी म्हणालो. कोशात तेवढाच शब्द उरला होता. “इंग्रजीत लोक आशासुद्धा फॉस्टर करतात. वैरसुद्धा. म्हणजे मनात धरून ठेवायचं, त्याला खतपाणी घालायचं, वाढू द्यायचं.”

“आन् मग?”

“मग काय?”

“वाडल्यावर काय करायचं, ते हाय का त्यात लिवल्यालं?”

मी पान पाहिलं. तसं काही दिलेलं नव्हतं.

“सांभाळायला दिली म्हना,” हौसाबाई म्हणाल्या. “आमच्यात तसंच म्हनत्यात. सांभाळाय दिल्यालं परत द्यावं लागतंय, ते त्या शबदातच हाय.” मग चिमीला उचलून खांद्यावर टाकली आणि मला पुढचं लिहायला सांगितलं.

कोल्हापूरला येऊन मी कागद टाईप केला. भात मऊ लागतो. आंघोळीचं पाणी कडक चालत नाही. डाव्या कुशीवर ठेवू नये. चावते. शेवटी ते मागाचं आलं. मी थोडा विचार केला आणि ते वाक्य गाळलं. आपल्या संस्थेच्या कागदावर असली थाप जाऊ नये, एवढीच माझी तळमळ होती. चावण्याचं मात्र ठेवलं, कारण मुलं चावतात हे मी ऐकून होतो.

शकूताईंनी सही केली. त्यांनी विचारलं, “हौसाबाईनं सांगितलेलं सगळं आलं ना?”

“जे महत्त्वाचं होतं ते आलं,” मी म्हणालो.

ठरल्या दिवशी बेल्जियमचे पीटर आणि आन आले. दोघंही उंच, दोघंही घाबरलेली. सांभाळणाऱ्या बाईनं हवाली करताना हजर राहायचं नाही असा नियम होता, म्हणून आदल्या दिवशी मीच चिमीला इचलकरंजीहून घेऊन आलो होतो. हौसाबाईंनी तिला माझ्याकडे दिली, पिशवी दिली आणि सरळ आत जाऊन कांड्या भरायला बसल्या. बाहेर आल्याच नाहीत. एस. टी.त चिमी माझ्या मांडीवर गाढ झोपली. गाडी जुनी होती, तिचा पत्रा न् पत्रा वाजत होता. मुलं आपल्याजवळ शांत राहतात, अशी माझी समजूत झाली.

पहिलं पत्र आलं ते आनंदाचं. विमानात पोर जवळजवळ सगळा प्रवास झोपून होती, हवाई सुंदऱ्यांनी कौतुक केलं. दुसरं पत्र पाच आठवड्यांनी आलं. ते आनच्या हातचं होतं, आणि अक्षर पहिल्या पत्रातलं वाटत नव्हतं.

मी ते शकूताईंना मराठीत वाचून दाखवलं. आमचं घर गावाबाहेर आहे, फार शांत आहे, असं तिनं लिहिलं होतं. मुलगी झोपत नाही. थकून तास-अर्धा तास डोळा लागतो, की दचकून उठते आणि किंचाळते. वजन उतरलं आहे. दोन डॉक्टरांना काही सापडलं नाही. चावण्याबद्दल तुम्ही आधीच कळवलंत ते बरं झालं, आम्ही सगळे जपून असतो. पीटरच्या आईनं अजून तिला जवळ घेतलेलं नाही, ती लांबूनच बोलते. तशी ती अद्याप कुणाला चावलेली नाही. एकाच दुपारी सलग तीन तास झोपली, शेजारी यंत्रानं गवत कापत होते तेव्हा. आम्हाला वाटलं तापच आला. आता आम्ही स्वतःला विचारतो आहोत, की ही मुलगी आमच्याकडे जगेल का. इथल्या बालकल्याणच्या बाई महिनाअखेरीस येतील आणि ठरवतील. तुमचं मत कळवावं.

गवताच्या यंत्रापाशी मी वाचता वाचता थांबलो. कान गरम झाले. तेव्हाच सगळं लक्षात आलं, एस. टी.सकट.

“काय झालं?” शकूताईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे एक वाक्य खरं, एक खोटं. कुठलं कुठलं ते तू ठरवलंस.”

“हो.”

“आता परत तूच ठरवू नकोस. हौसाबाईला जाऊन विचार. मागाचं खरं असेल तर लगेच कळवू. ती खोटं म्हणाली, तर मला त्यांना लिहावं लागेल की आम्हाला कारण माहीत नाही, पोर परत पाठवा. मी तिला तिकडे मरू देणार नाही.”

“परत आली तर ती कुणाकडे...”

“हौसाबाईकडेच. दुसरं कोण तिला झोपवणार?” त्या म्हणाल्या. “आणि तिला हे सगळं सांग. काही झाकू नकोस. तुझं झाकून झालंय.”

या वेळी मी गेलो तेव्हा शुक्रवार होता. चारही माग चालू होते. मल्लाप्पानं हात वर करून नमस्कार केला. हौसाबाई कांड्यांपाशी होत्या. मी जवळ जाऊन बोललो, त्यांना ऐकू आलं नाही.

“चिमीबद्दल आलोय!” मी ओरडलो.

“काय?”

“चिमी! झोपत नाही!”

त्यांनी हातातली कांडी खाली ठेवली आणि मला बाहेर गल्लीत आणलं. तिथेही आवाज होताच, पण निदान ओरडावं लागत नव्हतं. मी पत्राचा मराठी मजकूर वाचून दाखवला. आजी जवळ घेत नाही हे वाक्य आलं, तेव्हा त्यांनी मान फिरवून गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

“मागाचं लिवलं न्हाईसा?”

“नाही. मला ते खोटं वाटलं.”

“आन् चावतीचं?”

“ते लिहिलं.”

“शिकल्यालं मानूस,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. मी शिकलेला आहे, एवढंच त्या सांगत होत्या. मला भयंकर लाज वाटली.

मग मी शकूताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. मागाचं खरं असेल तर आम्ही कळवणार, मग तिची झोप लागेल, ती तिकडेच राहील. खोटं असेल तर ती परत येणार. परत आली तर तुमच्याकडे.

“माज्याकडं? कितीदी?”

“परत दुसरं कुणी मिळेपर्यंत. अशा परत आलेल्या मुलांना बहुतेक कुणी मिळत नाही.”

“म्हंजे कायमचीच.”

“बहुतेक.”

 दारातून मल्लाप्पा आमच्याकडे बघत होता. त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण त्याला कळलं असावं, कारण त्याचं लक्ष मागावर नव्हतं. एका मागाचा धागा तुटला आणि माग थांबला. त्यानं तो सुरू केला नाही. आता तीनच चालत होते.

मी विचारलं. विचारणं भाग होतं. “हौसाबाई, मागाचं खरं होतं का?”

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला वाटलं, आता म्हणतील खोटं होतं. आज कबूल करायला हरकत नाही, त्या खोटं म्हणाल्या असत्या तर मी विश्वास ठेवला असता. शिवाय त्यांचं काहीच चुकलं असंही मला वाटलं नसतं.

“किती दिस झालं निजली न्हाई म्हनालासा?”

“पाच आठवडे.”

“पाच आटवडं,” त्या म्हणाल्या. “आन् तुमी हितं मला इचारत बसलाय व्हय? मागाचं खरं हाय. चावती ते खोटं. आजीला म्हनावं, घे जवळ.”

मी निघालो होतो. त्यांनीच मागून हाक मारली. “आवो, पर तितं माग कुटं हाईत? तुमी नुसतं लिवून काय हुनार? ह्यो आवाज धाडता येतोय का? सुताला खळ लावत्यात त्या सायझिंगच्या मालकाकडं टेप हाय. त्याच्यावर भरा.”

हे मला सुचलं नव्हतं. कोशात नव्हतं ना.

दुसऱ्या दिवशी मी नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन आलो. शकूताईंनी परवानगी दिली होती, पण एका अटीवर. सांभाळणारीचा आवाज कॅसेटवर येता कामा नये. नाव, गाव, आवाज, काहीच पलीकडे जायचं नाही, हा नियम. पोर आवाज ओळखेल आणि तिथे रुळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी हौसाबाईंना तसं सांगितलं, की तोंडातून एकही शब्द निघता कामा नये.

“बरं,” त्या म्हणाल्या.

टेप ठेवायचा कुठे, यावर थोडी चर्चा झाली. चिमी जिथे झोपायची तिथे ठेवायचा असं ठरलं. मागांच्या खोलीच्या कोपऱ्यात तिची गोधडी अजून तशीच अंथरलेली होती. बाजू संपली की कॅसेट उलटायला कुणीतरी जवळ हवं होतं, म्हणून हौसाबाई गोधडीवर बसल्या. मल्लाप्पानं चारही माग सुरू केले. मी लाल बटण दाबलं आणि कानांवर हात ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दीड तास मी पायरीवरच होतो. आत डोकावलोही नाही. तसं काही बघण्यासारखं असेल असं वाटलं नाही.

कॅसेट रजिस्टर हवाई टपालानं गेली. बरोबर मी नवा कागद पाठवला. या वेळी त्यात काहीही गाळलं नव्हतं. माझी चूक माझ्या नावानं लिहिली होती.

उत्तर महिन्याभरानं आलं. बालकल्याणच्या बाई येऊन गेल्या होत्या आणि चिमीला झोपलेली पाहून चहा न पिताच परत गेल्या होत्या. पहिल्या रात्री दहा मिनिटांत झोप लागली, सलग पाच तास. आता कॅसेट उलटायचं काम आजीकडे आहे, आजी तिला मांडीवर घेऊनच बसते. पत्राच्या शेवटी आननं एक शंका विचारली होती. ती वाचून मी बुधवारची वाट पाहिली आणि इचलकरंजीला गेलो.

माग बंद होते. मल्लाप्पा दारात विडी ओढत बसला होता. मी पत्र वाचून दाखवलं. सलग पाच तास हे हौसाबाईंनी दोनदा वाचायला लावलं. आजीचं एकदा.

“आणखी एक विचारलंय त्यांनी,” मी म्हणालो. “मागांच्या खटखटीत आणखी एक बारीक आवाज येतो म्हणे. मऊसा, संथ. थाप मारल्यासारखा. मागांच्या ठेक्याशी जुळत नाही. दुसऱ्या बाजूला तो मध्ये थोडा वेळ थांबतो, तेव्हा चिमी डोळे उघडते. परत सुरू झाला की मिटते. कॅसेटमध्ये काही बिघाड आहे का, असं विचारलंय. आणि असला तर कृपा करून दुरुस्त करू नका म्हणून लिहिलंय.”

हौसाबाईंनी कोपऱ्यातल्या गोधडीकडे पाहिलं.

“थापटत हुते,” त्या म्हणाल्या.

“कुणाला? चिमी तर तिकडे होती.”

“गोदडीला.” मग जरा चिडल्यासारख्या म्हणाल्या, “तुमी म्हनलासा, तोंडातनं शबूद काडायचा न्हाई. न्हाई काडला. हाताचं कोन काय बोललं न्हाई.”

मल्लाप्पानं विडी विझवली. मी पत्राची घडी घातली. आणि उगीच म्हणालो, “मध्ये एकदा थांबलाय आवाज.”

“आसंल. डोळ्याला पदर घेतला आसंल.”

 वीज नसल्यामुळे गल्लीत सगळीकडे शांत होतं.

“आता रोज निजती न्हवं?”

“रोज.”

“म्हंजे आता येत न्हाई ती.”

“नाही.”

“बरं झालं,” हौसाबाई म्हणाल्या, आणि मला बसा म्हणून चहा टाकायला आत गेल्या. चहा यायला खूप वेळ लागला. मी आणि मल्लाप्पा बाहेर बसून राहिलो, पण आमच्यापैकी कुणी हाक मारली नाही.